नाव तेवढं न्या

कल्याण, ४ मार्च १९८६

चि. सौ. शेवंतीस,
नीलाताईचे अनेक आशीर्वाद.

पाकीट बघून आईला वाटेल, नीलाला माहेर आठवलं. माहेर रोजच आठवतं गं, पण आज गरजेपोटी लिहितेय. खोटं कशाला बोलू?

मार्च आला की आम्हा नर्सबायकांची धावपळ सुरू होते. एकतीस तारखेच्या आत माझ्या नावावर कुटुंबनियोजनाच्या चाळीस केसेस हव्यात. एकोणचाळीस झाल्या, चाळिसावी बाई काही केल्या मिळत नाही. काल एका चाळीत पाच वेळा बाळंत झालेलीला समजवायला गेले, तर ती सगळ्यांसमोर म्हणाली, "तुझी कूस उजवली नाही म्हणून आमची बंद करायला आलीस होय?" शेवंती, लग्नाला बारा वर्षं झाली मला. जिन्यात बसून रडले, डोळे पुसले आणि पुढचं दार वाजवलं. करणार काय! मोठ्या डॉक्टरांनी मीटिंगमध्ये बजावलंय, आकडा पुरा झाला नाही तर बदली जव्हारच्या पलीकडे. ह्यांचा दमा तुला ठाऊक आहे. ह्यांना एकटं टाकून मी कुठे जाऊ?

तुला मालू आणि रंगू, दोन गोड पोरी आहेत. गुणाजी माझा धाकटा भाऊ, पण त्याची बायको म्हणून नाही, माझी बहीण म्हणून मागते. बावीस तारखेला इथल्या शाळेत कँप आहे. दुर्बिणीचं ऑपरेशन, संध्याकाळी घरी. माझी चाळिसावी तू हो. नाही म्हणालीस तरी राग धरणार नाही, पण नाही म्हणू नकोस.

तुझी, नीला


बाळकुम, १० मार्च १९८६

ती. नीलाताईंना शेवंतीचा नमस्कार.

पत्र पाकिटात घातलंत ते बरं केलंत. आमचा पोस्टमन कार्ड मोठ्यानं वाचल्याशिवाय हातात देत नाय.

ताई, त्या चाळीतल्या बाईच्या तोंडाला आग लागो. वाचून माझ्या अंगाची लाही झाली. पण ऑपरेशनचं नाव काढलं आणि आय (तुमचीच आय!) सुपातला जवळा तसाच टाकून उठली. बोलली, "होडी कोण वल्हवणार, तुझ्या पोरी? माझ्या गुणाजीला मुलगा झाल्याबिगर कोणी पोटाला हात लावायचा नाय." हे तर जाळं शिवायला बसले. तुमचा भाऊ असा पाठ फिरवून बसला म्हणजे काय ते तुम्हीच जाणा. आणि खरं सांगू? मला पण अजून एक मूल हवंय. मुलगा झाला तर आयचं तोंड बंद होईल, मुलगी झाली तर माझी.

पण तुम्हाला जव्हारला धाडून मी इथे कालवण गिळू काय? मी म्हटलं, सरकारला चाळिसावं नाव पाहिजे ना? मग नाव तेवढं न्या, पोट राहू द्या. मी कँपला येते, सही करते, बायकांच्या ओळीत बसते आणि वाटतात ते केळं खाऊन परत येते. एवढ्या गर्दीत डॉक्टरला काय कळतंय?

येताना तुमच्यासाठी खाडीतले सुके निवटे आणते.

शेवंती


कल्याण, ३ एप्रिल १९८६

चि. सौ. शेवंतीस,

आकडा भरला गं! परवा ठाण्याला बोलावून मोठ्या साहेबांनी नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. टाळ्या वाजल्या तेव्हा मी मान वर केली नाही. माझी चाळिसावी केस केळं खाऊन घरी गेली हे आठवून हसूही येत होतं आणि भीतीही वाटत होती. डॉक्टरांना मी कँपच्या आदल्या दिवशी सांगायला गेले होते. ते म्हणाले, "मला काही सांगू नका, रजिस्टर पूर्ण करा." त्यांच्या डोक्यावरही आकडा आहेच.

आता नीट ऐक. कागदावर तुझं ऑपरेशन झालंय. दोन-तीन वर्षं तरी तुला दिवस जाता कामा नयेत. मी स्वतः तांबी बसवून देते, म्हणजे काळजी नको. या महिन्यात ये. आईला कळू देऊ नकोस. टाळाटाळ करू नकोस, हात जोडते.

निवटे दोन दिवसांत संपले. ह्यांनीच फस्त केले.

नीला


बाळकुम, २० नोव्हेंबर १९८६

ताई, शिव्या घालायच्या त्या आधी घाला, मग पुढचं वाचा. मला चौथा महिना आहे.

यायचं यायचं म्हणून राहूनच गेलं. आधी मालूला गोवर, मग आयचा पाय मुरगळला, मग नारळी पुनव. आणि मनात पण होतंच, तुमच्यापासून काय लपवू. आयनं देवीला नवस बोललाय. आनंदानं तिला जेवण जात नाय.

पण परवा आमच्या इथल्या नर्सबाई दारोदार फिरत आल्या. त्यांच्या जाड वहीत बाळकुमच्या सगळ्या लेकुरवाळ्या बायका. माझ्या नावापुढे लाल शाईनं लिहिलंय, ऑपरेशन झाले, कल्याण कँप. कल्याणचा कागद इथवर चालत येतो हे मला कुठे माहीत! शेजारची केशरबाई खो खो हसायला लागली. मी पदर पुढे ओढला आणि बोलली, पोट वाताचं आहे. नर्सबाईंनी वहीकडे बघितलं, मग माझ्या पोटाकडे.

आता वात आणखी किती दिवस सांगू? मूल तर मी ठेवणार. पण तुमच्या नोकरीचं काय ते लवकर कळवा. मला भ्या वाटतंय.

शेवंती


कल्याण, २५ नोव्हेंबर १९८६

शेवंती,

पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसले. ऑपरेशननंतर दिवस गेले की त्याला फेल केस म्हणतात. चौकशी लागते, बाईला तपासतात. तुझ्या पोटावर खूणच नाही! डॉक्टर हात झटकून मोकळे होणार, माझी नोकरी जाणार आणि पोलीस दारात येणार. सही तुझीही आहे, हे विसरू नकोस.

मूल पाडण्याबद्दल एक ओळ लिहिली होती. ती खोडली. आमच्या घरात बारा वर्षं पाळणा हललेला नाही, अशा घरातून तसं पत्र जाऊ नये.

एक वाट आहे. ह्यांनी डोंबिवलीला नव्या इमारतीत खोली घेतलीय, तिथे आम्हाला कोणी ओळखत नाही. पोट आणखी वाढायच्या आत तू तिकडे राहायला ये. बाळंतपण खाजगी प्रसूतिगृहात करू आणि तिथे नाव माझं सांगू. दाखल्यावर आई नीला, वडील सीताराम. मग पोर घेऊन तू खुशाल बाळकुमला जा. नर्सबाईला सांग, नणंदेचं मूल आहे, तिला नोकरीमुळे जमत नाही म्हणून मी सांभाळते. कोळीवाडा आपला आहे, तो तोंड उघडणार नाही.

तूच म्हणाली होतीस ना, नाव तेवढं न्या? या वेळी माझं ने. कागदच तर आहे.

नीला


बाळकुम, ३० मे १९८७

ती. ताईंना नमस्कार.

बाय बाळसं धरतेय. मुलगी झाली म्हणून आय आठ दिवस माझ्याशी बोलली नाय, आता तीच मांडीवरून खाली ठेवत नाय. बारशाला आत्या म्हणून तुम्ही कानात मंजुळा नाव सांगितलंत, ते ह्यांना फार आवडलं. दाखल्यात आई, बारशात आत्या! आमच्या मंजूची चैनच आहे.

पण एक गोष्ट गळ्यात काट्यासारखी अडकलेय, ती बोलते. बाळंतपणाच्या दुसऱ्या दिवशी तपासणी आहे सांगून मला टेबलावर घेतलं. सुई दिली. जाग आली तर बेंबीखाली टाके. तुम्ही माझा हात धरून बोललात, "आता कागद खरा झाला, कोणी आपलं वाकडं करू शकणार नाही." ताई, मला विचारलं असतंत तर मी नाय बोलली असती. म्हणूनच विचारलं नाय ना? ह्यांना सांगितलं तेव्हा हे दिवसभर होडीत जाऊन बसले. आय अजून बोलते, पुढच्या खेपेला मुलगा. मी मान डोलावते.

रोज तुमच्यावर चिडते आणि मंजू हसली की विसरते. आपलेच दात, आपलेच ओठ. कोणाला सांगू?

शेवंती


डोंबिवली, ८ जून १९९२

चि. सौ. शेवंतीस आशीर्वाद.

गुणाजी येऊन गेला. मंजूचा दाखला बघून बाळकुमच्या शाळेतले हेडमास्तर म्हणाले, "हिचे आईवडील डोंबिवलीचे, त्यांना घेऊन या, आणि रेशनकार्डही आणा." म्हणजे तिथे तो दाखला चालवायला गेलो तर दहा जण दहा प्रश्न विचारणार.

इथे आमच्या इमारतीसमोरच चांगली शाळा आहे. प्रवेशाची शेवटची तारीख होती, तुला विचारायला वेळ नव्हता, म्हणून मी आणि हे जाऊन नाव घालून आलो. पहिलीपुरतं तिला इथे राहू दे. शनिवारी शाळा सुटली की बाळकुम, सोमवारी सकाळी परत. खाडीत आता मासळी उरली नाही, कंपन्यांच्या पाण्यानं जी मिळते तिलाही रॉकेलचा वास. गुणाजीच्या वॉचमनच्या नोकरीवर तीन पोरींचं कसं करशील, याचाही विचार कर.

ह्यांनी तिच्यासाठी काळे बूट आणलेत. दिवसातून दोनदा पुसतात. अजून तिनं ते पायात घातलेसुद्धा नाहीत.

नीला


बाळकुम, १८ नोव्हेंबर १९९३

ताई,

पहिलीपुरतं बोललात, आता दुसरी निम्मी झाली. दर शनिवारचं महिन्यावर गेलं, महिन्याचं सणावर गेलं. तेवढं मी गिळलं. म्हटलं, शिकतेय पोर, शिकू दे.

दिवाळीला मंजू आली, दारात बूट काढले आणि बोलली, "मामी, पाणी दे." मी मागे वळून बघितलं, कोणाला हाक मारते. मागे कोणीच नव्हतं.

मामी! आणि ह्यांना मामा! मालू तिच्यावर खेकसली, तर रडत बोलली, "आईनंच सांगितलंय." जेवताना बोंबलाच्या कालवणाला नाक मुरडलं. ते मी मनावर घेत नाय, पोरं मुरडतात नाक. पण ताई, पोटच्या पोरीकडून मामी ऐकायला मी तुम्हाला नाव दिलं होतं? भांडायला यावं तर तुमचे शेजारी ऐकतील, गप्प बसावं तर पोर हातची जाते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

एप्रिलची सुट्टी लागली की मी तिला न्यायला येते. मग परत पाठवणार नाय.

शेवंती


डोंबिवली, २६ नोव्हेंबर १९९३

शेवंती,

तुझं रागावणं बरोबर आहे. पण माझंही ऐक. शाळेत मुलांना आपल्या घरातल्या माणसांची नावं लिहायला सांगितली होती. मंजूनं 'आई' या शब्दापुढे दोन नावं लिहिली. बाईंनी मला बोलावून विचारलं, "ही दुसरी कोण?" मी म्हणाले, भावजय, तिची मामी. मग घरी येऊन तिला तसंच म्हणायला शिकवलं. नाहीतर पोर बाहेर काहीतरी बोलेल आणि सगळं उघडं पडेल. माझी नोकरी अजून आहे, ते रजिस्टरही अजून कपाटात आहे.

एप्रिलमध्ये नेऊ नकोस. कोणत्या शाळेत आणि कोणत्या दाखल्यावर घालशील? आमच्या मानगुटीवरचं हे टार्गेटचं भूत एकदा उतरू दे, त्या दिवशी मी स्वतः सगळं सांगून तिला तुझ्या ओटीत घालीन. देवाशपथ.

नीला


बाळकुम, २ जून १९९६

ती. ताईंना नमस्कार.

आमच्या नर्सबाई काल दारात बसून चहा प्यायल्या. किती वर्षांनी त्या निवांत बसलेल्या बघितल्या. बोलल्या, "शेवंते, एप्रिलपासून आकडा बंद! सरकारनं टार्गेटच काढून टाकलं." मी त्यांना साखरेचा डबा आणून दिला, घाला किती घालायची ती.

ताई, भूत उतरलं.

भावोजींना जाऊन वर्ष झालं. तुम्ही एकट्या पडलात म्हणून वर्षभर मी तोंड उघडलं नाय. त्यांनी मंजूला जीव लावला, ते मी कधी विसरणार नाय. पण आता शब्द पाळा. मंजू नऊ वर्षांची झाली. तिला मीच समजावीन, हळूहळू सांगीन. तुम्ही पण इथेच या राहायला, माहेर तुमचंच आहे. कधी येऊ न्यायला?

शेवंती


डोंबिवली, १५ जून १९९६

शेवंती,

पुढचा आकडा बंद झाला, मागचं रजिस्टर बंद झालं नाही. खोटी केस आणि खोटा जन्मदाखला, दोन्ही गुन्हे जिथल्या तिथे आहेत. पेन्शनला माझी थोडी वर्षं उरलीत.

हे झालं सांगायचं कारण. खरं कारणही लिहिते, कारण तुझ्याशी खोटं बोलायचा आता मला कंटाळा आलाय. शाळा सुटली की ती खालच्या जिन्यापासून "आई" ओरडत वर येते. हे गेल्यापासून त्या हाकेवर मी दिवस काढते. शपथ मी घेतली होती. ती मोडतेय. मला सोडवत नाही गं तिला. माझ्याइतकी वाईट नणंद कुणाला नसेल.

वकिलाकडे जायचं तर जा. मी अडवणार नाही.

नीला


बाळकुम, २१ ऑगस्ट १९९६

ताई,

तुम्ही जा बोललात, म्हणून गेलेली. हे पण आलेले, ठाण्याच्या कोर्टाजवळ एक वकील आहेत त्यांच्याकडे. माणूस भला आहे. सगळं ऐकलं, कागद मागवले, आणि आठ दिवसांनी बोलले, "बाई, सरकार सांगतं की तुमचं ऑपरेशन मार्च शहाऐंशीत झालं. मुलगी एप्रिल सत्त्याऐंशीची. मग ती तुमची कशी?"

मी बोलली, ऑपरेशन झालंच नव्हतं, नुसतं नाव होतं. ते बोलले, मग डॉक्टरकडून तपासून घ्या. मी खुशीत गेली! टेबलावर झोपल्यावर बाळंतपणातले ते टाके माझ्या ध्यानात आले. डॉक्टरीणबाईंनी बेंबीखालची खूण बघितली आणि बोलल्या, "झालंय की तुमचं ऑपरेशन. कागद बरोबर आहे." मी विचारलं, कधी झालं ते कळेल? त्या बोलल्या, "इतक्या वर्षांनी ते कसं कळणार?"

वकील बोलले, कोळीवाड्यातल्या बाया साक्षीला आणा, प्रयत्न करू. पण आरोपीच्या पिंजऱ्यात पहिल्या उभ्या राहणार तुमच्या नणंदबाई, आणि त्यांच्या शेजारी तुम्ही, सही तुमची आहे. ह्यांनी कागदांची घडी केली, खिशात घातली आणि बोलले, "ताईला मी तुरुंगात नाय घालणार." येताना बसमध्ये माझ्याकडे बघितलं नाय.

मी कोणावर ओरडू? तुमच्यावर ओरडली तर तुम्हाला ती चाळीतली बाई बोलली ते आठवतं. सरकारवर ओरडू तर ते कुठे बसतं मला माहीत नाय. आणि नाव द्यायला मी आपल्या पायानं आलेली. रडून रडून डोळे सुजलेत, मालू विचारते काय झालं, मी सांगते कांदा.

एकच मागते. तिला मला पत्र लिहायला सांगा. काही लिहू दे. मी अक्षर बघीन.

शेवंती


डोंबिवली, १४ जुलै १९९७

प्रिय मामीस,
मंजुळाचा नमस्कार.

आई म्हणाली, मामीला पत्र लिही, म्हणून लिहीत आहे. मागच्या पत्रात मी फक्त पाढे आणि सहामाहीचे मार्क लिहिले होते. या वेळी मोठी बातमी आहे.

लोकसंख्या दिनाला आमच्या शाळेत निबंध स्पर्धा होती. विषय 'लहान कुटुंब, सुखी कुटुंब'. सगळ्यांनी पुस्तकातलं लिहिलं. मी तुझ्यावर लिहिला! माझ्या मामीला दोनच मुली आहेत, मालूताई आणि रंगूताई. तिने मुलाची वाट पाहिली नाही. आजी रागावली तरी तिने ऑपरेशन केले. सर्वांनी माझ्या मामीसारखे व्हावे. असं शेवटी लिहिलं.

माझा पहिला नंबर आला. बाईंनी निबंध सगळ्या शाळेसमोर वाचून दाखवला आणि मला कंपासपेटी मिळाली. घरी मी आईला वाचून दाखवत होते, तर ती मध्येच उठून मोरीत गेली आणि नळ सोडून बसली.

मामी, बाईंनी विचारलं, तुझ्या मामीला तिसरं मूल का नको होतं? मी म्हणाले, मामीला विचारून सांगते. तू कळव. म्हणजे जिल्ह्याच्या स्पर्धेला मी ते घालीन.

तुझी भाची,
मंजुळा सीताराम


बाळकुम, २० जुलै १९९७

चि. मंजूस खूप खूप आशीर्वाद.

तुझं अक्षर फार छान आहे, बाय. पोस्टमननं पाकीट दिलं तेव्हा मी मासळी साफ करत होती, हात धुऊन मग उघडलं. मामांनी दोनदा वाचलं. पहिला नंबर आला म्हणून मालूनं आळीत पेढे वाटले.

तू विचारलंस ते सांगते. तिसरं मूल मला नको नव्हतं. हवं होतं. फार हवं होतं. पण हे निबंधात घालू नकोस, नंबर जाईल.

आईचं ऐक. तिला त्रास देऊ नको, ती एकटी आहे.

तुझी,
मामी